आखीव व्याकरण, मोकळं घर

नऊ वर्षांच्या मुलानं वहीत लिहिलंय, 'ऊसाला तोड आली.' वाचताक्षणी आईला खटकतं. 'उसाला' हवं, एवढं नक्की. मुलगा विचारतो, "ऊस लिहिताना ऊ दीर्घ, मग उसाला लिहिताना ऱ्हस्व का?" आई म्हणते, "तसंच असतं, बाळा." त्या दिवशीचा व्याकरणाचा तास तिथंच संपतो, आणि पुढचे चार दिवस तो भरतच नाही.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेल्या पालकांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. गणिताचं निभतं, कारण पुस्तकात उदाहरणं एकापाठोपाठ एक उभी असतात. विज्ञान परसात, शेतात, विहिरीवर सापडतं. वाचनाची गोडी गोष्टींनी लागते. व्याकरण मात्र मागं पडतं. विषय काही फार अवघड नाही. अडतं ते एवढ्यावरच, की 'आज काय घ्यायचं?' हे रोज सकाळी पालकांना ठरवावं लागतं. स्वयंपाक, गोठा, धाकट्याचं दुखणं, पाण्याची वेळ यांतून ते ठरवणं राहून जातं. मग वर्षाअखेर लक्षात येतं, की नाम, सर्वनाम, विशेषण यापलीकडं गाडी गेलेलीच नाही.

म्हणून घरासाठी व्याकरणाचा अभ्यासक्रम निवडताना पहिली कसोटी एकच लावा : उद्या काय शिकवायचं, हे तुम्हाला ठरवावं लागतं का? ठरवावं लागत असेल, तर तो अभ्यासक्रम कितीही विद्वत्तापूर्ण असो, जूनमध्ये सुरू होऊन गणपतीपर्यंत बंद पडेल.

'कमी कष्टाचा' याचा अर्थही इथंच नीट करून घ्यायला हवा. कष्ट वाचायचे ते पालकांच्या तयारीचे. मुलाच्या डोक्याला काम हवंच. रिकाम्या जागा भरून अर्ध्या मिनिटात पान संपत असेल, तर कष्ट वाचले खरे, पण व्याकरणही हाती लागलं नाही.

ही वाट जुनीच आहे

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या माणसाला घरबसल्या शिकण्याची गोष्ट लांबची वाटू नये. हे गाव पूर्वी औंध संस्थानात होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणला, तोही औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली म्हणून. त्याच संस्थानाच्या आश्रयानं पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधात राहिले आणि त्यांनी तिथं स्वाध्याय मंडळ चालवलं. पाठशाळेत जायची सोय नसलेल्या माणसालाही संस्कृत यावं, यासाठी त्यांनी 'संस्कृत स्वयंशिक्षक' आणि संस्कृत पाठमाला लिहिल्या. धडे क्रमानं लावलेले, आणि शिकणाऱ्यानं स्वतःच पुढं सरकायचं.

इंग्रजीसाठी हेच काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं केलं. एक नियम, थोडे शब्द, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करायची वाक्यं. शिकवणारा माणूस शेजारी नसला, तरी गाडी अडत नसे. आज त्यातली वाक्यं जुनाट वाटतात, पण बांधणी बघा. आज शिकलेलं उद्याच्या वाक्यांत परत भेटतं, आणि पुढचं पाऊल कुठं टाकायचं हे पुस्तकच सांगतं. घरच्या व्याकरणाला हवी ती बांधणी हीच.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर

पलूस, तासगाव किंवा सांगलीच्या पुस्तकांच्या दुकानात गेलात, की मुखपृष्ठ बघू नका. पुस्तक मधोमध उघडा आणि पाच गोष्टी तपासा.

धडा किती मोठा आहे? एक बैठक पंधरा मिनिटांची धरा. एका धड्यात नामाचे सगळे प्रकार, लिंग, वचन आणि विभक्ती कोंबली असेल, तर ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी आहे, वर्षभरासाठी नाही.

आधी उदाहरण की आधी व्याख्या? 'नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात' ही ओळ मूल पाठ करतं आणि विशेषण ओळखत नाही. त्याउलट 'काळा बैल, काळी माती, काळं वावर' या तीन जोड्या समोर ठेवल्या, की मूल स्वतःच म्हणतं, "काळा-काळी-काळं बदलतंय." नाव नंतर दिलं तरी चालतं.

मागचं परत येतं का? चाळिसाव्या पानावरच्या सरावात दहाव्या पानावरचं काही आहे का, ते बघा. एकदा शिकवून सोडून दिलेलं व्याकरण पहिल्या पावसासारखं असतं. वरची माती भिजते, मुळांपर्यंत ओल जात नाही.

उत्तरं मागं दिली आहेत का? सर्व विभक्तींचे प्रत्यय तुम्हाला तोंडपाठ नसतील, तर बिघडत नाही. पण उत्तरं नसतील, तर तपासायला तुम्हाला दुसरं पुस्तक शोधावं लागेल, आणि तिथंच खंड पडेल.

मुलाला स्वतःची वाक्यं लिहायला लावतं का? नुसतं 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' असेल, तर मूल ओळखायला शिकतं, वापरायला नाही. शिष्यवृत्तीची गाईडं या बाबतीत उणी पडतात. ती सरावाला वापरा, पाया म्हणून नको.

हाताशी काय काय आहे

सगळ्यात स्वस्त आणि सोयीचा पर्याय म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तकं. पीडीएफ मोफत उतरवून घेता येतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'बालभारती' आणि नववी-दहावीला 'कुमारभारती'. इतर माध्यमांच्या मुलांसाठी 'सुलभभारती' आणि पुढं 'अक्षरभारती'. व्याकरण धड्यांच्या शेवटी छोट्या तुकड्यांत येतं. क्रम इयत्तेनुसार बसवलेला आहे, ही जमेची बाजू. तुकडे विखुरलेले आणि सराव थोडा, ही उणी बाजू. उपाय सोपा आहे. एका इयत्तेच्या पुस्तकातले फक्त व्याकरणाचे तुकडे एका कागदावर ओळीनं उतरवून घ्या. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्यातून वर्षाचा क्रम तयार होतो.

मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' बऱ्याच घरांत स्पर्धा परीक्षेच्या निमित्तानं आलेलंच असतं. पुस्तक चोख आहे, पण ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका. ते तुमच्यासाठी ठेवा. मुलानं अडचणीचा प्रश्न विचारला, की रात्री उघडायचं आणि सकाळी दोन वाक्यांत उत्तर द्यायचं. दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं व्याकरण आणि मोरो केशव दामल्यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ही अभ्यासकांची थोर पुस्तकं. घरच्या तासाशी त्यांचा थेट संबंध नाही.

जुनं पुस्तक वापरत असाल, तर वर्णमाला तेवढी नव्यानं बघून घ्या. शासनाच्या २००९ च्या निर्णयानं 'ॲ' आणि 'ऑ' हे दोन स्वर वर्णमालेत आले. 'बॅट' आणि 'बॉल' लिहिणाऱ्या मुलाला ते सुरुवातीपासून माहीत असलेले बरे.

इंग्रजीचं व्याकरण दहाव्या वर्षानंतर घ्या, आणि मराठीत वाक्याचे भाग पक्के झाल्यावरच घ्या. कर्ता, कर्म, क्रियापद एकदा मातृभाषेत कळले, की इंग्रजीत फक्त जागा बदलल्याचं सांगावं लागतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर तर्खडकरांचा पहिला भाग रोज थोडा करता येतो. रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड पुस्तक आठवीच्या पुढं, तेही शोधायला आणि सरावाला.

एक धडा जवळून

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. 'उसाला' का? हा धडा पंधरा मिनिटांत असा होतो.

पाटीवर किंवा वहीवर चार जोड्या लिहा :

ऊस – उसाला
मूल – मुलाला
विहीर – विहिरीत
जमीन – जमिनीत

काही सांगू नका. विचारा, "काय बदललं?" मूल आधी शेवटाकडं बघेल, 'ला' लागला, 'त' लागला म्हणेल. थांबा. मग ते म्हणेल, "आतला दीर्घ ऱ्हस्व झाला." धड्याचा गाभा एवढाच. आता नाव द्या. शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं जे रूप होतं, ते सामान्यरूप. 'ऊस'चं 'उसा', 'विहीर'चं 'विहिरी'. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली लेखनाचे चौदा नियम ठरवले, १९७२ साली त्यात आणखी चार घातले. हा त्यांतलाच एक नियम.

मग दोन शब्द असे द्या, की मुलाचा नियम मोडेल : 'गीत – गीतात', 'शरीर – शरीराला'. मूल भांबावतं. ते भांबावू द्या. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून आपला दीर्घ सोडत नाहीत, एवढं सांगितलं की पुरे. शेवटी मुलानं आपल्या शेतातली, अंगणातली तीन वाक्यं लिहायची. 'विहिरीत कासव आहे.' 'उसाला पाणी दिलं.' 'जमिनीत गांडूळ असतं.' झाला धडा.

मूल हुशार असेल, तर तिसऱ्या दिवशी विचारेल, "मग 'पलूसला' लिहिताना लू दीर्घ कसा?" उत्तर सोपं आहे आणि सुंदरही. 'पलूसला' म्हणताना आपण सामान्यरूप केलंच नाही, 'ला' सरळ गावाच्या नावाला जोडला. 'कोल्हापूरला जायचं', पण 'कोल्हापुरात राहतो'. मध्ये 'आ' आला, की पू आखूड झाला. हे कुणी सांगण्याआधी मुलाला सापडलं, तर तो नियम ते जन्मभर विसरणार नाही.

घरची बोली आणि पुस्तकातली भाषा

आपल्याकडच्या घरांत आणखी एक पेच असतो. मूल म्हणतं, "आमी काल वाडीला गेल्तो." पुस्तक म्हणतं, 'आम्ही काल वाडीला गेलो होतो.' इथं काही पालक 'हे अशुद्ध' म्हणून मुलाला गप्प करतात. पण 'गेल्तो' म्हणणाऱ्या मुलाला पूर्ण भूतकाळ येतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. 'गेलो' आणि 'होतो' ही दोन पावलं त्याच्या बोलीनं एका उडीत टाकलेली आहेत.

म्हणून वहीत एक पान दोन रकान्यांचं ठेवा. डावीकडं 'घरात', उजवीकडं 'कागदावर'. हाय – आहे. न्हाई – नाही. त्यो – तो. पानी – पाणी. गेल्तो – गेलो होतो. आठवड्याला दोन-तीन जोड्या वाढवा. चूक-बरोबरच्या खुणा करू नका. आजीशी बोलताना डावा रकाना, अर्ज लिहिताना उजवा, एवढं मुलाला उमगलं, की लाज न बाळगता ते दोन्हीकडं सहज वावरतं. न आणि ण यांचा फरक तेवढा कानावर पक्का करावा लागतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा पाच ओळींचं श्रुतलेखन पुरे.

प्रयोग शिकवतानाही घरच्याच ओळी घ्या. 'आजीनं भाकरी थापली. आजोबांनी भाकरी थापली. आजोबांनी धपाटं थापलं.' माणूस बदलला तरी 'थापली' तेच राहिलं. भाकरीच्या जागी धपाटं आलं, आणि लगेच 'थापलं' झालं. क्रियापद कुणाकडं बघून बदलतंय? भाकरीकडं. कर्माकडं बघणारा तो कर्मणी प्रयोग. व्याख्येचं पान चुलीपाशीच उलटलं जातं.

वर्ष कसं आखावं

आठवड्याला चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, वर्षाला बत्तीस आठवडे. हिशेब केला तर १२८ बैठका आणि अवघे ३२ तास. दिवाळी, जत्रा, लग्नसराई, द्राक्षांच्या छाटणीचे दिवस, आजारपण हे सगळं वगळूनही बत्तीस आठवडे निघतात. आठवड्याचा साचा एकदा ठरवून टाका :

सोमवार – नवा धडा, उदाहरणांतून.
मंगळवार – पुस्तकातला सराव, उत्तरं मुलानं स्वतः मागच्या पानावर तपासायची.
बुधवार – श्रुतलेखन, आणि मागच्या महिन्यातला एक तुकडा पुन्हा.
गुरुवार – मुलाचा स्वतःचा परिच्छेद, आठ-दहा ओळी. त्यात या आठवड्याचा नियम निदान तीनदा यायला हवा.

गुरुवारचा परिच्छेद तपासताना फक्त या आठवड्याच्या नियमाच्या चुका दाखवा. बाकीच्या सोडून द्या. सगळं पान तांबडं केलं, तर पुढच्या गुरुवारी मूल तीनच ओळी लिहील, आणि त्याही जपून.

वयाप्रमाणं ढोबळ वाटणी अशी ठेवा. आठव्या वर्षापर्यंत वेगळं व्याकरण नको. वाचन, गोष्ट सांगणं, पाहून लिहिणं पुरे. आठ ते दहा : वाक्य, नाम, लिंग-वचन, विशेषण, क्रियापद, विरामचिन्हं, सामान्यरूप. लिंग शिकवायला 'तो ऊस, ती ज्वारी, ते सोयाबीन' हाताशी आहेतच. दहा ते बारा : विभक्ती, काळ, प्रयोग, आणि न बदलणारे चार शब्दप्रकार, म्हणजे क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. बारानंतर संधी, समास, अलंकार, वृत्त. हे उशिरा आलं म्हणून काही अडत नाही. सामान्यरूप उशिरा आलं, तर मात्र प्रत्येक ओळीत अडतं.

घरात दोन मुलं असतील आणि वयात दोन वर्षांचं अंतर असेल, तर दोन पुस्तकं घेऊ नका. सोमवारचा धडा दोघांना एकत्र द्या; गुरुवारचा परिच्छेद ज्याच्या त्याच्या वकुबानं. थोरल्यानं धाकट्याला समजावून सांगितलं, तर थोरल्याची उजळणी फुकटात होते.

एक साधी युक्ती सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या धड्यांची यादी आणि पुढं तारखेची रिकामी जागा ठेवा. धडा झाला की मुलानं तारीख घालायची. आठ दिवस खंड पडला तरी कुठून सुरू करायचं हे त्या पानावर दिसतं. या पानाचा उपयोग फक्त हौसेनं घरी शिकवणाऱ्यांनाच आहे असं नाही. गळीत हंगामात आपल्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्या येतात, तेव्हा त्यांची मुलं गावाकडच्या शाळेपासून महिनोन्महिने तुटतात. कोपीबाहेर बसणाऱ्या अशा एखाद्या मुलाला शेजारच्या कुणी संध्याकाळी पंधरा मिनिटं दिली, तर तारखांचं हे पानच त्याचा वर्ग होईल, आणि परत गेल्यावर गुरुजींना नेमकं कळेल, मूल कुठवर आलंय.

परीक्षेचं काय?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. म्हणून पुढच्या वाटेचा विचार आधीच करून ठेवा. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी समकक्ष परीक्षा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही वाट आहे. आणि दहावीला खासगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म. कुठली वाट धरणार, ते ठरलं की त्या परीक्षेच्या भाषा विषयाचा व्याकरणाचा भाग आपल्या यादीशी ताडून बघा. वर दिलेल्या क्रमानं चाललेल्या मुलाला शेवटच्या वर्षी प्रश्नांच्या सवयीखेरीज फारसं नवं करावं लागू नये.

पुस्तक घेतल्यावर लगेच वर्षाची घोषणा करू नका. तीन आठवडे चालवून बघा. बारा बैठकांपैकी नऊ झाल्या, तर पुस्तक तुमच्या घराला मानवलं. पाचच झाल्या, तर मुलाला किंवा स्वतःला दोष देण्याआधी धडे मोठे आहेत का, उत्तरं नाहीत का, वेळ चुकीची आहे का, ते बघा. अनेकदा फक्त वेळ बदलून काम भागतं. रात्री जेवणानंतर न जमणारी पंधरा मिनिटं सकाळच्या चहाबरोबर सहज जमतात.

आणि क्रम एकदा ठरलेला असला, की मुलाच्या प्रश्नाची धास्ती वाटत नाही. पुढच्या वेळी मूल वहीवरून मान वर करून विचारेल, "विहीर लिहिताना ही दीर्घ, मग विहिरीत लिहिताना हि ऱ्हस्व का?" तेव्हा आईला 'तसंच असतं' म्हणावं लागणार नाही. ती पहिल्या पानावरची यादी बघेल आणि सांगेल, "छान विचारलंस. तो धडा सोमवारी आहे."